वैजापूरच्या गोदातीरींची पाहणी आणि पाहणीदाराचा मेहनताना

(१)

जुन्या दप्तरांचा संग्रह करणाऱ्यांच्या हातीं जे कागद येतात त्यांत जमाबंदीचे कागद फार असतात आणि तेच सर्वांत कमी वाचले जातात. महजर, निवाडपत्र, इनामपत्र किंवा एखाद्या सरदाराचें पत्र सांपडलें कीं त्याची नक्कल करून तें छापावयास पाठविण्याची घाई होते. परंतु ठिकेझाडा, कुळझाडा, अजमास, झडती, ताळेबंद हे कागद ‘नुसते आंकडे’ म्हणून पुन्हां रुमालांत बांधून ठेवले जातात. ज्यांचा उपयोग केला जातो त्यांचाही बहुधा एकाच रीतीनें केला जातो. अमक्या गांवचा तनखा इतका, कमाल आकार इतका, सबब गांव त्या काळीं भरभराटींत होतें किंवा बुडत चाललें होतें, असा निष्कर्ष काढून लेखक पुढें जातो. आंकडा म्हणजे जमिनीनें स्वतः दिलेली साक्ष होय, अशीच जणूं सर्वांची समजूत असते.

वस्तुतः जमीन साक्ष देत नाहीं. कोणी तरी मनुष्य बांधावर उभा राहून तिचें मोल ठरवितो, आणि त्या मनुष्यास त्या दिवसाचा शिधा व मेहनताना कोणी तरी देत असतो. हा देणारा कधीं सरकार असतो, कधीं रयत, कधीं गांव, तर कधीं सरकार व रयत यांच्यामध्यें बसलेला मक्तेदार. प्रस्तुत लेखांत आम्हांस इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, पाहणी करणारास मेहनताना कोणाच्या हातून मिळाला आणि त्यांतील किती भाग मधल्यामध्यें राहिला, हें समजल्यावांचून पाहणीचा कोणताही आंकडा प्रमाण म्हणून घेतां येत नाहीं. हा प्रश्न केवळ हिशेबाचा नसून आपल्या साधनांच्या विश्वसनीयतेचा आहे.

(२)

उदाहरणासाठीं आम्ही वैजापूरचा मुलूख घेतला आहे. वैजापूर तालुका म्हणजे हल्लींच्या छत्रपति संभाजीनगर, अर्थात् इ. स. २०२३ पर्यंतच्या औरंगाबाद जिल्ह्याचा पश्चिमेकडील भाग. याच्या दक्षिणेस गोदावरी असून तिच्या पलीकडे नगर जिल्ह्यांतील कोपरगांव व श्रीरामपूर हे तालुके लागतात. पश्चिमेस नाशिक जिल्ह्यांतील येवलें आहे. संतचरित्रांच्या वाचकांस हा प्रदेश बहिणाबाईंच्या शिऊरमुळें ठाऊक आहे, वारकऱ्यांस सराला बेटामुळें, आणि आगगाडीनें येणारांस रोटेगांव स्टेशनामुळें. नदीकांठची जमीन काळी व खोल. उत्तरेस डोंगराकडे जावें तसतशी ती उथळ व मुरमाड होत जाते. थोड्याच कोसांत जमिनीची जात इतकी पालटते कीं, येथें पाहणीदाराच्या नजरेवांचून कोणत्याही राज्याचें चाललें नसतें.

राज्येंही येथें बरींच झालीं. मलिक अंबरानें इ. स. १६१० मध्यें वसविलेली खडकी येथून दूर नाहीं. मोंगलांचें दौलताबाद तर त्याहूनही जवळ. इ. स. १७२४ नंतर निजामाचा अंमल बसला, त्यांत मराठ्यांच्या चौथाईची भागी लागली, आणि हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्यें संपेपर्यंत हा मुलूख ‘मोंगलाई’ म्हणूनच ओळखला गेला. दक्षिण तीर मात्र ठोकळमानानें पेशव्यांकडे होतें. राघोबादादांचा अंत इ. स. १७८३ मध्यें कोपरगांवींच झाला. इ. स. १८१८ पासून तें तीर इंग्रजांकडे गेलें. एकच नदी, एकच हवापाणी, पण पाहणीदाराचा धनी निरनिराळा, असा हा योग आहे. म्हणून तुलनेस हें स्थळ सोयीचें.

(३)

दक्षिणेंत जमिनीच्या आकारणीचा विषय निघाला कीं पहिलें नांव मलिक अंबराचें येतें. तो इ. स. १६२६ मध्यें वारला, परंतु त्याच्या नांवानें चालणारा तनखा पुढें दोन शतकें कागदोपत्रीं येत राहिला. ग्रांट डफच्या वृत्तान्ताप्रमाणें त्यानें मक्त्यानें वसूल देण्याची चाल बंद केली, वसुलाचें काम ब्राह्मण कामगारांकडे देऊन त्यांजवर मुसलमान अधिकारी देखरेखीस नेमिले, आणि कित्येक सालांच्या पिकांचा अनुभव पाहून धारा ठरविला. प्रथम धान्यरूपानें उत्पन्नाचा दोन पंचमांश भाग घेण्याचा ठराव होता. पुढें नगदी धारा झाला तो सुमारें एक तृतीयांशाइतका पडे. या व्यवस्थेची स्तुति करतांना लेखक बहुधा धाऱ्याच्या हलकेपणाकडे बोट दाखवितात. आमच्या मतें तिचें खरें मर्म पहिल्या कलमांत आहे. मक्ता काढून टाकल्यामुळें जमिनीचें मोल ठरविणारा व त्या मोलावर नफा घेणारा हे दोन निराळे झाले.

त्यानंतर सुमारें तीस वर्षांनीं औरंगजेब दक्षिणेच्या सुभेदारीवर असतांना मुर्शीद कुलीखान दिवाण झाला. त्यानें तीन प्रकार चालविले. जेथें शेती मागसलेली तेथें नांगरामागें ठराविक रक्कम. जेथें शक्य तेथें पिकाची वांटणी. आणि जेथें मोजणी साधेल तेथें बिघ्यावर दर. वांटणींत पावसावरील पिकाचा निम्मा भाग सरकारचा, विहिरीच्या पाण्यावरील पिकाचा तिसरा, आणि ऊंस, द्राक्षें यांसारख्या बागाइतांत नववा ते चौथा, असें प्रमाण होतें. मोजणीच्या कामांत लबाडी होऊं नये म्हणून हा दिवाण कित्येकदां साखळीचें एक टोंक आपल्या हातीं धरी, अशी त्याची ख्याति आहे. ही गोष्ट कौतुकाची खरी. पण तिचा दुसरा अर्थही ध्यानांत घ्यावा. ज्या कामांत दिवाणास स्वतः साखळी धरावी लागते त्या कामांत मोजणाऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता, हें उघड आहे.

हा अविश्वास जुना होता. अकबराच्या अमलांत सणाच्या दोरीनें मोजणी होई. ती दंवानें भिजली कीं आखडे व वाळली कीं लांबे, आणि मोजणारे या गुणाचा उपयोग करून घेत. म्हणून इ. स. १५७५ च्या सुमारास लोखंडी कड्यांनीं जोडलेल्या वेळूच्या काठ्यांची जरीब चालू केली. मोजणी करणाऱ्या टोळीच्या खर्चासाठीं बिघ्यामागें एक दाम, म्हणजे रुपयाचा चाळिसावा हिस्सा, घेण्याचा नियम झाला. यास ‘जाबिताना’ म्हणत. दोरी सुधारली, परंतु मेहनतान्याची रीत पाहावी. मोजणाऱ्यास बिघ्यावर मोबदला मिळत असेल तर सावकाश मोजण्यांत त्याचें नुकसान आणि बिघे वाढविण्यांत नफा. त्यांतून हा दाम रयतेच्याच पदरचा. म्हणजे ज्याच्या शेताचें माप व्हावयाचें त्याच्याच हातून मोजणाऱ्याची मजुरी. वेळूची जरीब हा दोष नाहींसा करूं शकत नव्हती.

(४)

अठराव्या शतकांत या तीरावर आणखी एक प्रकार सुरू झाला. इ. स. १७१९ मध्यें बाळाजी विश्वनाथानें दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे शेंकडा पंचवीस, सरदेशमुखी शेंकडा दहा. या रकमा एका हातानें वसूल होऊन एका हातीं जात नसत. चौथाईच्या शंभर भागांतून पंचवीस भाग राजबाबतीचे, सहा साहोत्र्याचे व तीन नाडगौडीचे. राहिलेले सहासष्ट भाग मोकाशाचे. म्हणजे एखाद्या गांवचा आकार शंभर रुपये धरला तर चौथाईच्या पंचवीस रुपयांपैकीं बाबतीकडे सवासहा, साहोत्र्याकडे दीड, नाडगौडीकडे पाऊण आणि मोकाशाकडे साडेसोळा रुपये जात. शिवाय सरदेशमुखीचे दहा निराळेच. या प्रत्येक अंशाचा धनी वेगळा असूं शके, आणि प्रत्येकाचा कमावीसदार किंवा गुमास्ता गांवीं येऊं शके. पाऊण रुपयाच्या वसुलासाठीं आलेल्या मनुष्यासही दोन वेळचा शिधा लागतोच.

यांतच गांवचे वतनदार मिळवावे. देशमुखाचा हक्क सामान्यतः शेंकडा पांचाच्या आसपास आणि देशपांड्याचा त्याच्या निम्मा. प्रांतोप्रांतीं फरक होता. पाहणीच्या वेळीं हे दोघे माहीतगार म्हणून उभे राहत. त्यांचा हक्क वसुलावर बसलेला असल्यामुळें गांव अगदींच उजाड व्हावें अशी आकारणी त्यांस नको असे, आणि फार हलकीही नको असे. एकपक्षी स्वार्थापेक्षां हा दुहेरी स्वार्थ आम्हांस बरा वाटतो. पाहणीदार वर्षापुरता येई. देशमुखास त्याच गांवांत पिढ्यान् पिढ्या राहावयाचें असे.

वसूल कोणाच्या मनुष्यानें करावा, हा प्रश्न किती मोठा होता याची साक्ष वैजापूरच्याच भूमीनें दिली आहे. निजामुल्मुल्कानें शाहू व कोल्हापूरचे संभाजी यांच्या हक्काचा तंटा पुढें करून चौथाईचा ऐवज अडविला व शाहूचे कमावीसदार आपल्या मुलखांतून उठविले. तंट्याचा निवाडा आपण करूं, तोंवर कोणासही कांहीं मिळणार नाहीं, अशी त्याची भूमिका होती. यावरून जें युद्ध जुंपलें त्याचा निकाल फेब्रुवारी १७२८ मध्यें वैजापूरच्या पूर्वेस पालखेड येथें लागला. बाजीरावानें निजामाची कोंडी केली आणि मार्च महिन्यांत मुंगी-शेवगांवचा तह झाला. त्या तहांत चौथाई-सरदेशमुखी मान्य करण्याबरोबरच काढून टाकलेले कमावीसदार पुन्हां बसवावे असें कलम आहे. पालखेडचें वर्णन करतांना आपले लेखक घोडदौडीचें कौशल्य सांगतात, तें योग्यच आहे. परंतु ज्या कलमासाठीं घोडीं दौडलीं तें कलम वसूलदारांचें होतें, हें विसरूं नये. ऐवज कबूल आणि मनुष्य नाकबूल, असा व्यवहार शाहूच्या दरबारास चालण्यासारखा नव्हता. कारण ज्याचा मनुष्य बांधावर नाहीं त्याला दुसऱ्यानें सांगितलेला आंकडा मुकाट्यानें घ्यावा लागतो.

(५)

येथवर मध्यस्थ अनेक असले तरी ते हक्कदार होते. पुढें जो मध्यस्थ आला तो बोली बोलून आला. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत दक्षिण तीरावरील महाल मक्त्यानें जाऊं लागले. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं जो अहवाल इ. स. १८१९ मध्यें लिहिला त्यांत या व्यवस्थेचें चित्र आहे. सरकारनें महाल मामलेदारास मक्त्यानें द्यावा, त्यानें तो पोटमक्तेदारांस वांटून द्यावा, आणि शेवटीं पाटलानें आपल्याच गांवचा मक्ता घ्यावा, अशी ती उतरंड होती. मधल्या प्रत्येकास आपला नफा काढावयाचा असल्यामुळें जमिनीचें खरें मोल हा प्रश्नच उरला नाहीं. मक्त्याची रक्कम हेंच मोल ठरलें.

त्याच अहवालांतील ‘दरबारखर्चा’ची हकीकत संग्राहकांनीं मुद्दाम लक्षांत ठेवावी. हिशेब तपासणाऱ्यांस व दरबारांतील मंडळींस गुपचूप देण्याची रक्कम आरंभीं लांच म्हणून दिली जाई. कालांतरानें ती नेहमींची झाली, तिचा आंकडा ठरला, आणि इतर खर्चाप्रमाणें तीही हिशेबांत येऊन तपासली जाऊं लागली. पण ती उजेडांत आल्यावर गुपचूप देण्याची गरज कांहीं संपली नाहीं. म्हणून तीवर आणखी रक्कम चढली. या नाजूक बाबींत तपासनीस खोल शिरत नसल्यामुळें मामलेदार त्या नांवाखालीं स्वतःसाठींही बरेंच ठेवून घेई. तेव्हां ताळेबंदांत ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’ हे शब्द आढळले म्हणजे केवळ भ्रष्टाचाराचा पुरावा मिळाला असें समजून थांबूं नये. तें गांवच्या आकारणीवर चढलेल्या मध्यस्थीच्या ओझ्याचें माप आहे आणि तें आपण मोजूं शकतों.

उत्तर तीरावर हीच स्थिति अधिक काळ टिकली. चंदुलालाच्या हातीं हैदराबादची सत्ता इ. स. १८४३ पर्यंत होती. या काळांत तालुके बोलीनें दिले जात. घेणारांत सावकार होते, तसेच अरब व रोहिले जमादारही होते. वर्ष पुरें होण्यापूर्वीं दुसऱ्याची चढी बोली आली तर पहिल्यास दूर करीत. ज्याला आपण पुढच्या हंगामापर्यंत राहूं याची खात्री नाहीं तो जमिनीची पाहणी कशासाठीं करील? पाहणीचा उपयोग पुढच्या सालांसाठीं असतो आणि इजारदाराला तर आजच्या खळ्यावरचें धान्य पाहिजे असे. वसुलाच्या खर्चाबद्दल तालुकदारांस रुपयांत दोन आणे मिळत. म्हणजे लाख रुपयांच्या वसुलावर साडेबारा हजार. या दोन आण्यांतूनच शिपाई, कारकून, पाहणीदार सर्वांचें भागवावयाचें. पाहणीदारावर जितका कमी खर्च होईल तितकी तालुकदाराची शिल्लक जास्त. यापेक्षां पाहणीला प्रतिकूल अशी योजना सुचणें कठीण.

मध्यंतरीं एक प्रयत्न झाला. मेटकाफ हा इ. स. १८२० ते १८२५ हैदराबादेस रेसिडेंट असतांना त्यानें इंग्रज अंमलदार नेमून गांवोगांव कांहीं वर्षांच्या मुदतीचे ठराव करविले. इ. स. १८२९ मध्यें नासिरुद्दौला गादीवर आला, त्यानें हे अंमलदार काढून घेण्यास सांगितलें, आणि इजारदारी पुन्हां मोकळी झाली. परक्यांची देखरेख जाणें हें संस्थानाच्या स्वातंत्र्याच्या दृष्टीनें योग्यच होतें. रयतेच्या दृष्टीनें मात्र मुदतीचा ठराव जाऊन बोली आली, एवढाच अर्थ झाला.

(६)

आतां नदी ओलांडून दक्षिण तीराकडे वळूं. कारण उत्तर तीरावर पुढें जी पद्धत आली ती तेथेंच प्रथम बनली. इंग्रजांनीं दख्खनची पहिली मोठी पाहणी प्रिंगल याच्याकडून करविली व इ. स. १८३० च्या सुमारास तिच्या आधारें दर बसविले. प्रिंगल हा अर्थशास्त्राचा अभ्यासी. शेतीचा सर्व खर्च वजा जातां जें निव्वळ उत्पन्न उरेल त्याचा कांहीं हिस्सा सरकारनें घ्यावा, हा त्याचा सिद्धान्त. सिद्धान्त सुबक होता. परंतु प्रत्येक शेताचें निव्वळ उत्पन्न काढण्यासाठीं जी माहिती लागे ती मिळविणारे मोजणीदार व प्रतबंदीचे कारकून यांच्यावर पुरेशी तपासणी नव्हती. पैसे घेऊन चांगली जमीन वाईट व वाईट जमीन चांगली लिहिली गेली. थोड्याच वर्षांत ती पाहणी टाकून द्यावी लागली.

त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इ. स. १८३५-३६ पासून इंदापुरास नवें काम आरंभिलें आणि इ. स. १८४७ च्या संयुक्त अहवालांत त्याचे नियम ग्रथित झाले. निव्वळ उत्पन्नाचा शोध त्यांनीं सोडून दिला आणि कोणासही पुन्हां पाहतां येतील अशाच गोष्टी टिपावयाच्या असें ठरविलें. ३३ फुटांची साखळी व तिचे १६ आणे. एक साखळी औरस-चौरस म्हणजे गुंठा, व ४० गुंठ्यांचा एकर. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागांत माती किती हात खोल आहे तें पाहावयाचें. मातीचे तीन वर्ग व एकंदर नऊ प्रती. त्यांचीं मोलें अनुक्रमें १६, १४, १२, १०, ८, ६, ४॥, ३ व २ आणे. पावणेदोन हात खोल असलेली पहिल्या वर्गाची काळी जमीन सोळा आणे. चुनखडीचे खडे, वाळूचें मिश्रण, उतार, मातीस चिकटपणा नसणें, पाणी न मुरणें, वाहत्या पाण्याखालीं धुपणें, उपळामुळें पाणी सांठणें, हे सात दोष. एक दोष असला कीं जमीन एक प्रत खालीं उतरे. प्रत्येक दोषाला एक खूण असे आणि ती शेताच्या आकृतींत त्या त्या भागांत घालावी लागे.

या पद्धतीचा खरा गुण तिच्या सूक्ष्मपणांत नाहीं. पाहणीदाराचें मत व त्याचें कारण एकाच कागदावर आलें, हा तिचा गुण. वरिष्ठ अंमलदारानें कांहीं शेतें पुन्हां खणून पाहावयाचीं, आणि खुणा जुळल्या नाहींत तर लबाडी किंवा निष्काळजीपणा तत्काळ उघडकीस यावयाचा. पाहणीचें खातें वसुलाच्या खात्याहून निराळें. दर ठरविणारास वसुलांत भागी नाहीं. त्याचा पगार खजिन्यांतून. मलिक अंबरानें मक्ता काढून जें अर्धें साधलें होतें तें येथें नियमानें बांधलें गेलें.

तथापि खजिन्याचा पगार म्हणजे निःपक्षपात, असें समजणें भोळेपणाचें होईल. इंदापुरास इ. स. १८६७ पासून दरांची फेरतपासणी सुरू झाली आणि पुणें जिल्ह्यांतील तालुक्यांत दर बरेच चढले. मे १८७५ मध्यें सुपें येथून जे दंगे पुणें व नगर जिल्ह्यांत पसरले त्यांचा रोख सावकारांच्या दस्तऐवजांवर होता. पण वाढलेल्या दरांचा त्यांत भाग होता, असें मत त्या काळच्या कांहीं अंमलदारांनींही नोंदविलें. मधला इजारदार काढला तरी धनी उरतोच, आणि धन्याला किती पाहिजे हें पाहणीदारास न सांगतां कळतें.

(७)

उत्तर तीरावर इजारदारी मोडण्याचें श्रेय पहिल्या सालारजंगाकडे जातें. तो इ. स. १८५३ मध्यें दिवाण झाला. कर्जांत अडकलेले तालुके एकेक करून सोडवावयाचे आणि तेथें पगारी तालुकदार बसवावयाचे, असा त्याचा क्रम होता. इ. स. १८६५ च्या जिल्हाबंदीनें जिल्हे व तालुके यांची नवी रचना झाली; रुपयांत दोन आण्यांचा व्यवहार मागें पडला. यानंतरच्या दशकांत संस्थानांत मोजणीचें खातें निघालें आणि मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यांत मोजणी व प्रतबंदी सुरू झाली. नदीच्या दोन्हीं तीरांवर एकर, गुंठे व आणे हीच भाषा झाली. आणेवारी हा शब्द तर इतका रुळला कीं, नाणें बदलून तिची पैसेवारी झाली तरी दुष्काळाच्या सालीं गांवकरी अजूनही आणेवारी किती लागली असेंच विचारतात.

म्हणजे गोदावरीच्या समोरासमोरच्या दोन शेतांची माती एकच, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एकीकडे प्रत व दोष टिपलेला कागद होता आणि दुसरीकडे बोलीचा आंकडा. या दोन आंकड्यांची तुलना करून एका तीरावर सुबत्ता व दुसऱ्यावर दारिद्र्य होतें असें कोणी सिद्ध करूं लागल्यास तो दोन वेगळ्या जातींच्या वस्तू एकाच तराजूंत घालील.

(८)

पाहणीदाराच्या मनाची स्थिति काय असेल? दप्तरांत तो सहसा स्वतः बोलत नाहीं. त्याच्या नांवें पडलेला खर्च तेवढा बोलतो. परंतु त्याची अडचण आजही ओळखूं येण्यासारखी आहे. अमेरिकेंत इ. स. २००८ च्या सुमारास घरांवरील कर्जांचा डोलारा कोसळला, तेव्हां कर्ज मिळवून देणारे दलाल आपल्या सोईचा मूल्यमापक निवडून फुगविलेला आंकडा लिहवून घेत, असें निष्पन्न झालें. त्यावर मे २००९ पासून दलालानें मूल्यमापक निवडूं नये असा नियम आला. सावकार व मूल्यमापक यांच्यामध्यें काम वांटून देणाऱ्या व्यवस्थापक कंपन्या पूर्वींपासून होत्या. या नियमानें त्यांचें प्रस्थ एकदम वाढलें. एक दोष दूर करण्यास आलेल्या या मध्यस्थानें दुसरा दोष आणला. कर्जदार जी फी भरतो तिचा मोठा भाग कंपनीकडे राहतो, काम कमी फीवर व लौकर करणाराकडे जातें, आणि आंकड्याखालीं सही व जबाबदारी मात्र मूल्यमापकाची, अशी त्या धंद्यांतील लोकांची तक्रार सुरू झाली. इ. स. २०१० च्या कायद्यांत मूल्यमापकास रूढ व वाजवी मोबदला द्यावा असें कलम घालावें लागलें. तरी तक्रार मिटली नाहीं. आपल्याकडे इ. स. २०१७ पासून नोंदणीकृत मूल्यमापकांचे नियम झाले आहेत, त्यांत योग्यता, परीक्षा व आचार यांचा विचार आहे.

ही तक्रार लोभी मनुष्याची म्हणून उडवून देतां येत नाहीं. चंदुलालाच्या काळच्या तालुकदाराचे दोन आणे आणि आजच्या कंपनीचा हिस्सा यांत फरक पुष्कळ आहे. कंपनी मूल्य ठरवीत नाहीं, बोलीही बोलत नाहीं. परंतु दोन्हीं ठिकाणीं पाहण्याच्या कामावरचा खर्च हा मध्यस्थाच्या नफ्यांतून वजा जातो. ज्याला एका दिवसाच्या मजुरींत चार गांवें पाहावयाचीं आहेत तो चौथें गांव पाराखालीं बसूनच पाहणार. त्याची नजर मंद असते असें नव्हे. नजरेला लागणारा वेळ दुसऱ्यानें आधींच खाल्लेला असतो. आपल्या नांवाचा आंकडा आपल्याला पाहिजे तसा नीट पाहून लिहितां आला नाहीं, ही बोंच कसबी मनुष्यास कमी मजुरीपेक्षांही जास्त लागते.

(९)

आतां संग्राहकांस आमची विनंति. जमाबंदीचा रुमाल हातीं आला तर आकाराच्या बेरजेआधीं खर्चाचीं कलमें वाचावीं. पाहणीस आलेल्या कारकुनाचा शिधा गांवखर्चांत पडला आहे कीं सरकारखर्चांत. मोजणीबद्दल बिघ्यावर कांहीं घेतलें आहे काय. मसाला कोणाच्या माथीं बसला. दरबारखर्च आहे काय व तो आकाराच्या मानानें किती. पाहणीच्या वेळीं देशमुख-देशपांडे हजर असल्याची नोंद आहे काय. आणि मक्त्याची मुदत किती सालांची. या सहा प्रश्नांचीं उत्तरें ज्या कागदांत मिळतील त्याच कागदांतील आकारावर प्रांताच्या भरभराटीचा निष्कर्ष उभारावा. ज्यांत तीं मिळत नाहींत तो आंकडा टाकून देऊं नये. पण तो कोणी तरी मागितलेला आंकडा आहे, पाहिलेला नव्हे, अशी शंका बाळगून ठेवावा.

दुसरी गोष्ट म्हणजे या कागदांचें रक्षण. वैजापूर, कोपरगांव, येवलें या टापूंत कुलकर्णी व देशपांड्यांचीं घराणीं पुष्कळ. वतनें गेल्यावर त्यांच्या घरचे आंकड्यांचे रुमाल निरुपयोगी ठरले. मोडी वाचणारे थोडे, आणि आंकडे वाचण्याचा कंटाळा त्याहून मोठा. त्यामुळें पत्रें उचलून घ्यावयाचीं आणि हिशेब रद्दींत घालावयाचे, ही चूक शिकलेल्या लोकांकडूनही होते. पालखेडच्या लढाईचीं पत्रें मिळालीं तर तीं छापण्यास दहा हात पुढें येतील. त्या लढाईचें कारण असलेल्या कमावीसदाराची एखादी झडती मिळाली तर तीही तितकीच मोलाची समजून जपावी. नदीच्या दोन्हीं तीरांवरील अशा कागदांची एकत्र यादी झाल्यास, कोणत्या सालचा आंकडा शेतांत लिहिला गेला व कोणत्या सालचा कचेरींत, याचा निर्णय पुराव्यानें करतां येईल. आणि मग तनखा व कमाल यांवर आजवर बांधलेल्या कित्येक अनुमानांची फेरपाहणी आपणांस करावी लागेल.